नाव ध्रुव, पत्ता रिस्क-फाइव्ह : स्वदेशी प्रोसेसरच्या नामकरणातील खरा प्रश्न

बेंगळुरू : या शहरात 'तेजस' म्हटले की लढाऊ विमान डोळ्यांसमोर येते आणि 'ध्रुव' म्हटले की हेलिकॉप्टर. दोन्ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या येथील कारखान्यांतून बाहेर पडतात. मात्र गेल्या काही वर्षांत या दोन्ही नावांचे आणखी एकेक धनी पुढे आले आहेत. सी-डॅकच्या 'वेगा' मालिकेतील प्रोसेसरवर बेतलेल्या चिपना 'तेजस३२' आणि 'तेजस६४' अशी नावे मिळाली, तर डिसेंबर २०२५ मध्ये 'ध्रुव६४' हा एक गिगाहर्ट्झ क्षमतेचा, दोन गाभ्यांचा ६४ बिट मायक्रोप्रोसेसर जाहीर झाला. आयआयटी मद्रासचा 'शक्ती', आयआयटी मुंबईचा 'अजित' आणि इस्रोचा 'विक्रम ३२०१' ही या यादीतील अन्य ठळक नावे. नावे भारदस्त आहेत आणि त्यांमागील अभिमानही रास्त आहे. परंतु प्रोसेसरचे एक नाव समारंभात पुकारले जाते आणि दुसरे सॉफ्टवेअरच्या आत नोंदवले जाते. उद्योगाचे भवितव्य बहुतांशी या दुसऱ्या नावावर अवलंबून असते आणि चर्चा मात्र पहिल्याचीच होते.

विषय वरवर क्षुल्लक भासेल. चिप चालली म्हणजे झाले, नावात काय मोठे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सॉफ्टवेअर कसे घडते यात आहे. प्रोसेसर ज्या मूलभूत आज्ञा ओळखतो त्यांचा समूह म्हणजे आज्ञासंच. त्या आज्ञासंचाची सर्वमान्य व्याख्या म्हणजे आर्किटेक्चर. एखादे नवे आर्किटेक्चर अस्तित्वात आले की त्याचे नाव कंपायलरमध्ये घालावे लागते, लिनक्सच्या गाभ्यात त्याची वेगळी फोल्डर लागते, प्रत्येक तयार प्रोग्रामच्या माथ्यावर त्याचा क्रमांक उमटवावा लागतो, आणि हजारो पॅकेजच्या नावांत ते जोडावे लागते. एकदा हे घडले की नाव बदलणे जवळजवळ अशक्य होते. गावाच्या वेशीवरील पाटी एका दिवसात बदलता येते. सातबाऱ्यावरील नोंद बदलायला पिढी जाते. सॉफ्टवेअरमधील आर्किटेक्चरचे नाव ही सातबाऱ्याची नोंद आहे.

बेंगळुरूच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव बदलून 'बेंगळुरू' झाले, तरी विमानाच्या तिकिटावर आजही 'बीएलआर' ही जुन्या नावावरून आलेली अक्षरेच छापली जातात. मुंबईचे नाव १९९५ मध्ये बदलले, पण विमानतळाचा संकेत 'बीओएम' राहिला. संगणकाच्या घड्याळातही हीच कथा आहे. भारतीय प्रमाणवेळेची जागतिक वेळसूचीतील नोंद आता 'एशिया/कोलकाता' असली, तरी 'एशिया/कलकत्ता' हे जुने नाव पर्यायी म्हणून जिवंत ठेवावे लागले आहे, कारण त्यावर विसंबलेली असंख्य सॉफ्टवेअर जगभर चालू आहेत. लोकांच्या तोंडचे नाव बदलते, यंत्रांनी परस्परांशी केलेला करार बदलत नाही.

घाईत ठेवलेल्या नावांचा खर्च

नामकरणात ढिलाई झाली की काय होते, याचा धडा अमेरिकी कंपन्यांनी जगाला दिला आहे. इंटेलने १९८५ मध्ये '८०३८६' हा ३२ बिट प्रोसेसर आणला. (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत आपले केंद्र स्थापन करून या शहराच्या चिप-रचना उद्योगाची पायाभरणी केली, तेही याच वर्षी.) पुढे प्रतिस्पर्धी एएमडीनेही '३८६' हा आकडा वापरला. इंटेल न्यायालयात गेली, पण १९९१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने या आकड्यावर इंटेलची व्यापारचिन्ह म्हणून मालकी मान्य केली नाही. त्यामुळे १९९३ मध्ये पुढच्या पिढीला '५८६' ऐवजी 'पेंटियम' हे नाव मिळाले. बाजारात नाव बदलले, पण सॉफ्टवेअरमधील 'आय३८६' ढळले नाही. लिनक्सच्या गाभ्यातून मूळ ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या अखेरीस काढून टाकण्यात आला, तरी डेबियनसारख्या वितरणांत ३२ बिट इंटेल यंत्रांसाठीच्या पॅकेजवर 'आय३८६' हीच अक्षरे राहिली. ज्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर चालूच शकत नाही, त्याच यंत्राचे नाव त्याच्या कपाळी कायम राहिले.

यापेक्षा मोठा गोंधळ ६४ बिट युगाच्या आरंभी झाला. इंटेलच्या आज्ञासंचाचा ६४ बिट विस्तार इंटेलने नव्हे, तर एएमडीने केला. त्याचे मूळ नाव 'एक्स८६-६४'. २००३ मध्ये प्रत्यक्ष प्रोसेसर आले तेव्हा एएमडीने ते 'एएमडी६४' केले. २००४ मध्ये इंटेलने तोच विस्तार स्वीकारला, पण प्रतिस्पर्ध्याचे नाव घेणे तिला शक्य नव्हते. तिने आधी 'ईएम६४टी' आणि नंतर 'इंटेल ६४' असे नाव ठेवले. मायक्रोसॉफ्टने 'एक्स६४' म्हटले. लिनक्सच्या काही वितरणांनी 'एक्स८६_६४' घेतले, तर डेबियन आणि गो भाषा 'एएमडी६४' वर ठाम राहिल्या. मूळ नावातील संयोगचिन्हाच्या जागी अंडरस्कोर येण्यामागेही तांत्रिक कारण होते. कंपायलरच्या जगात आर्किटेक्चर, निर्माता आणि कार्यप्रणाली ही पदे संयोगचिन्हांनी जोडून लिहितात. नावातच संयोगचिन्ह असले तर कोठे तोडायचे, हे यंत्राला कळत नाही. एका चिन्हामुळे एकाच वस्तूला दोन लेखनपद्धती चिकटल्या.

आज बेंगळुरूतील कोणत्याही कंपनीत सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवणाऱ्या अभियंत्याला हा वारसा निस्तरावा लागतो. कंटेनरच्या जगात 'एएमडी६४' लिहायचे, त्याच यंत्राला त्याचे नाव विचारले की ते 'एक्स८६_६४' असे सांगते, आणि विंडोजच्या फाइलवर 'एक्स६४' असते. या तिघांची सांगड घालणाऱ्या ओळी जगभरातील अगणित स्क्रिप्टमध्ये पुन:पुन्हा लिहिल्या जातात. त्यातील एखादी चुकली की सॉफ्टवेअर चुकीच्या यंत्रासाठी बांधले जाते आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

आर्मच्या बाबतीतही असेच झाले. आर्म कंपनीने आपल्या ६४ बिट आर्किटेक्चरला 'एआर्च६४' असे नाव दिले. २०१२ च्या जुलैमध्ये त्याचा लिनक्ससाठीचा संकेत याच नावाने सादर झाला. त्यावर विकासकांमध्ये वाद झाला. लोकांना 'आर्म' हे नाव ठाऊक आहे, मग अनोळखी नाव कशासाठी, असा आक्षेप होता आणि लिनस टॉरवाल्ड्स यांचाही कल 'आर्म६४' कडे होता. अखेर गाभ्यातील फोल्डरचे नाव 'आर्म६४' झाले, मात्र यंत्राने स्वतःची ओळख 'एआर्च६४' अशीच सांगायची, अशी तडजोड टिकली. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात तर काही काळ 'आर्म६४' आणि 'एआर्च६४' असे दोन स्वतंत्र विभाग एकाच आर्किटेक्चरसाठी शेजारी शेजारी नांदत होते. २०१४ मध्ये ते एकत्र करण्यात आले. एकाच कामासाठी दोनदा श्रम झाले, त्यात नावाच्या वादापेक्षा समन्वयाचा अभाव जास्त होता, हे खरे. पण दोन नावे असली की दोन घरे मांडणे सोपे जाते.

रिस्क-फाइव्हने काय साधले

या पार्श्वभूमीवर रिस्क-फाइव्हची कथा उठून दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात २०१० मध्ये या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. तेथील रिस्क रचनांच्या परंपरेतील ही पाचवी, म्हणून रोमन आकडा पाच. हेच अक्षर 'व्हेरिएशन' आणि 'व्हेक्टर' या शब्दांचेही आद्याक्षर असल्याची कोटी रचनाकारांनी मूळ पुस्तिकेतच नमूद केली आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रवेश करताना नावातील संयोगचिन्ह आरंभीच वगळले गेले. जीसीसी कंपायलरच्या सातव्या आवृत्तीत २०१७ मध्ये आणि लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत जानेवारी २०१८ मध्ये ते 'रिस्कव्ही' याच अक्षरांनी आले. लिनक्स यंत्र सांगते ते नाव, डेबियनचे नाव, गो भाषेचे नाव आणि कंटेनरचे नाव, सर्वत्र 'रिस्कव्ही६४' हे एकच. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत त्याला अधिकृत आर्किटेक्चरचा दर्जा मिळाला.

भारताने या नावाच्या छत्राखाली येण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखालील 'शक्ती' प्रकल्पाने रिस्क-फाइव्ह स्वीकारले. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' मालिका त्याच आज्ञासंचावर उभारली. एप्रिल २०२२ च्या अखेरीस बेंगळुरूत पहिली 'सेमिकॉन इंडिया' परिषद भरली, त्याच आठवड्यात केंद्र सरकारने 'डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह' हा कार्यक्रम जाहीर केला. त्यामुळे 'शक्ती', 'वेगा' किंवा 'ध्रुव' यांना सॉफ्टवेअरच्या सातबाऱ्यावर नव्या नोंदीची गरज नाही. या मालिकांतील ६४ बिट चिपवर लिनक्स चालवून यंत्राला नाव विचारले, तर उत्तर 'रिस्कव्ही६४' असेच अपेक्षित आहे. जगात कोठेही त्या नावासाठी बांधलेले सॉफ्टवेअर, अपेक्षित आज्ञा चिपमध्ये असतील तर, येथेही चालावे, हाच त्यामागील व्यवहार. कंपायलर लिहिण्याचा, गाभा जुळवण्याचा आणि हजारो पॅकेज नव्याने बांधण्याचा भार त्यामुळे एकट्या भारताच्या खांद्यावर येत नाही.

आयआयटी मुंबईच्या 'अजित'ने वेगळ्या मार्गाने हेच केले. त्याने स्पार्क व्ही८ हा जुना, खुले मानक असलेला आज्ञासंच घेतला. इस्रोचा 'कल्पना ३२०१'देखील त्याच मानकावर आधारित आहे. दोन्ही चिप नव्या, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या जुन्या, ओळखीच्या घराण्यातील आहेत.

स्वतंत्र नावाची किंमत

याच्या दुसऱ्या टोकाला 'विक्रम ३२०१' आहे. प्रक्षेपकांसाठी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीसह विकसित केलेला हा ३२ बिट प्रोसेसर २ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील 'सेमिकॉन इंडिया' परिषदेत पंतप्रधानांना सुपूर्द करण्यात आला. तो २००९ पासून प्रक्षेपकांत वापरल्या जाणाऱ्या 'विक्रम १६०१' या १६ बिट प्रोसेसरचा वारसदार. त्याचा आज्ञासंच इस्रोचा स्वतःचा आहे. साहजिकच एडा भाषेचा कंपायलर, असेम्ब्लर, लिंकर, सिम्युलेटर ही सारी साधने संस्थेला घरातच घडवावी लागली. प्रक्षेपकासाठी हे समर्थनीय आहे. तेथे सॉफ्टवेअर मोजके असते, प्रत्येक ओळ तपासलेली असते, आणि बाहेरच्या जगातील पॅकेज त्यावर चालवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण ज्या प्रोसेसरवर सामान्य नागरिकाचे यंत्र, शाळेतील संगणक वा बँकेचा सर्व्हर चालवायचा, त्याला हा मार्ग परवडणारा नाही.

तो परवडवून दाखवण्याचा प्रयत्न चीनच्या लूंगसन कंपनीने केला आहे. पूर्वी मिप्स आज्ञासंच वापरणाऱ्या या कंपनीने 'लूंगआर्च' हे स्वतःचे आर्किटेक्चर काढले. जुलै २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ५.१९ आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. मात्र तेथेही नाव दुभंगलेच. कंपायलर त्याला 'लूंगआर्च६४' म्हणतात, तर डेबियन आणि गो भाषा 'लूंग६४'. प्रोग्रामच्या माथ्यावरील क्रमांक तेवढा एकच राहिला. इंटेलच्या ३२ बिटसाठी ३, एएमडीच्या ६४ बिट विस्तारासाठी ६२, आर्म ६४ बिटसाठी १८३, रिस्क-फाइव्हसाठी २४३, तसा लूंगआर्चसाठी २५८. नाव वादग्रस्त असले तरी गट क्रमांक निर्विवाद असतो, हे महसूल खात्याचे शहाणपण संगणकशास्त्रालाही मान्य आहे.

स्वतंत्र आर्किटेक्चरच्या बाजूने एक युक्तिवाद होतो, तो सार्वभौमत्वाचा. 'रिस्क-फाइव्ह' या नावाचे व्यापारचिन्ह आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आहे आणि ती संघटना २०२० पासून स्वित्झर्लंडमध्ये आहे. मग नावच परक्याचे असेल तर स्वावलंबन कसले? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि आज्ञासंचाचे विनिर्देश खुले आहेत आणि ते वापरून प्रोसेसर घडवण्यासाठी कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. संघटनेच्या हाती आहे तो नावाचा व मानकाचा ताबा. चिपची रचना, तिची सुरक्षा-तपासणी आणि निर्मिती भारताच्या हाती राहू शकते. स्वावलंबनाचा कस या तीन गोष्टींत लागणार आहे. आज्ञासंचाच्या नावात तो शोधणे म्हणजे पाटीलाच घर समजणे होय.

एक नाव, दोन वचने

तरीही सामायिक नाव घेतले म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे नाही. पुढचा पेच अधिक सूक्ष्म आहे. रिस्क-फाइव्ह हा मूळ संच आणि त्यावरील ऐच्छिक विस्तार अशा थरांनी बनला आहे. कोणत्या चिपमध्ये कोणते विस्तार आहेत, हे अक्षरांच्या साखळीने सांगितले जाते. या साखळ्या लांबत गेल्या, तेव्हा संघटनेने ठरावीक विस्तारांचे एकत्रित संच जाहीर केले. त्यातील 'आरव्हीए२३' हा संच ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत झाला. वर्षभरात, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, उबुंटूने आपल्या २५.१० आवृत्तीत 'रिस्कव्ही६४' साठी हाच संच किमान अट म्हणून लावला. परिणामी तोवर बाजारात आलेली बहुतेक रिस्क-फाइव्ह यंत्रे त्या आवृत्तीच्या कक्षेबाहेर गेली. डेबियनने मात्र जुनीच, कमी अपेक्षांची अट कायम ठेवली आहे. नाव दोन्हीकडे तेच, पण त्यामागील वचन निराळे.

भारतीय प्रोसेसरसाठी खरा धोका येथे आहे. चिपची रचना सुरू झाल्यापासून ती हाती पडेपर्यंत वर्षे जातात. तेवढ्या काळात सॉफ्टवेअरच्या जगाने किमान अट उंचावली, तर हाती आलेली चिप नावाने पात्र आणि प्रत्यक्षात अपात्र ठरू शकते. त्यामुळे सरकारी खरेदीत 'स्वदेशी प्रोसेसर' एवढीच अट पुरेशी नाही. तो कोणत्या संचाचे पालन करतो, कोणत्या वितरणाची कोणती आवृत्ती त्यावर चालते आणि ती किती वर्षे चालेल, हे निविदेत स्पष्ट मागितले गेले पाहिजे.

लिपी आणि लेखन

आणखी एक अडचण खास आपली आहे. सॉफ्टवेअरमधील नावे रोमन लिपीत असतात आणि भारतीय नावांचे रोमन लेखन प्रांताप्रांतांत बदलते. दक्षिणेत 'त' साठी 'टी' पुढे 'एच' जोडण्याची रीत आहे, महाराष्ट्रात ती नाही. म्हणूनच बेंगळुरूच्या विमानाचे 'तेजस' आणि तिरुवनंतपुरमच्या चिपचे 'तेजस' देवनागरीत सारखे दिसले, तरी रोमन लिपीत वेगळे लिहिले जातात. माणूस दोन्ही वाचून समजून घेतो. यंत्राला एका अक्षराचा फरक म्हणजे संपूर्ण वेगळी वस्तू. चालक-सॉफ्टवेअरमध्ये, हार्डवेअरच्या वर्णनपत्रात आणि पुस्तिकेत एकच लेखन पहिल्या दिवसापासून पाळले गेले नाही, तर 'एएमडी६४' चा घोळ लहान प्रमाणात येथेही होईल.

नावांची गर्दी हाही मुद्दा आहे. 'ध्रुव' ही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अणुभट्टीही आहे, 'विक्रम' हे चांद्रयानाचे अवतरणयानही आहे, आणि 'वेगा' हे पाश्चात्त्य नाव असलेला, आपण ज्याला अभिजित म्हणतो तो तारा युरोपच्या प्रक्षेपकालाही नाव देऊन गेला आहे. शोधयंत्रात चिपची माहिती शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आधी विमान, हेलिकॉप्टर आणि अग्निबाण यांमधून वाट काढावी लागते. नवे तंत्रज्ञान ज्यांच्या बळावर पसरते, त्या विद्यार्थ्यांसाठी ही अडचण लहान नाही.

असे असले तरी या नावांचे मोल नाकारता येत नाही. 'शक्ती' म्हटल्यावर विद्यार्थ्याला जो जिव्हाळा वाटतो, तो अक्षरे आणि अंक यांच्या साखळीतून निर्माण होणार नाही. प्रश्न नावे ठेवण्याचा नाही, ती योग्य थरावर ठेवण्याचा आहे. चिपला, यंत्राला, कार्यक्रमाला भारतीय नाव जरूर असावे. आज्ञासंचाच्या थरावर मात्र जगाशी जुळणारे, एकदाच ठरवलेले नाव असावे, आणि त्यात भर घालायची असेल तर ती मानकाच्या चौकटीत, वेळेवर आणि मूळ प्रकल्पांमध्ये नोंदवून घालावी.

बेंगळुरूतील चिप-रचना केंद्रांत बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अत्याधुनिक चिपवर काम करणारे अभियंते मोठ्या संख्येने आहेत. जगातील चिप-रचनाकारांपैकी सुमारे २० टक्के भारतात असल्याचे सरकार सांगते. दुसऱ्यांच्या नावांवर काम करण्याचा या मनुष्यबळाला दांडगा अनुभव आहे. स्वतःच्या नावाने काही उभे करताना त्या अनुभवातून एक गोष्ट घ्यावी लागेल. समारंभातील नाव वर्षभर लक्षात राहते. कंपायलरमधील नाव चाळीस वर्षे टिकते, '३८६' ची नोंद याची साक्ष देत आहे. 'ध्रुव६४' च्या पुढच्या पिढ्यांसाठी 'धनुष' या नावाच्या चिपवर काम सुरू आहे. त्यांच्या आवरणावर कोणते नाव कोरले जाते यापेक्षा, एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्याने ते यंत्र सुरू करून बाजारातील कोणतेही प्रचलित सॉफ्टवेअर त्यावर चढवले, तर ते विनातक्रार चालते का, यावर त्या नावाची पत ठरेल.